दोन जिवांचं वजन

कापूस वेचणीचे दिवस. दर्यापूर-मूर्तिजापूरच्या पट्ट्यात बायका सकाळीच शेतात जातात. त्यांत सहावा-सातवा महिना लागलेलीही एखादी असते. तपासणीच्या दिवशी ती अंगणवाडीत येते, वजनकाट्यावर उभी राहते आणि आकडा कार्डावर चढतो. कार्ड पिशवीत जातं, पिशवी खुंटीला. पुढच्या तपासणीपर्यंत त्या आकड्याकडे घरात कोणी पाहत नाही. खरं तर पोटातल्या बाळाची खुशाली सांगणारी इतकी सोपी आणि फुकटची दुसरी खूण नाही.

घरात सल्ले मात्र भरपूर मिळतात, आणि तेही एकमेकांविरुद्ध. एक म्हणते, "दोन जिवाची हायेस, दोघांचं खा." दुसरी बजावते, "लय खाऊ नको, पोट्टं मोठं झालं तं बाळंतपण जड जाईन." दोन्ही बोलण्यांत माया आहे. पण कोणता सल्ला कोणाला लागू पडतो, हे ती बाई गरोदर राहिली तेव्हा किती वजनाची होती, त्यावर ठरतं.

वाढलेलं वजन जातं कुठे?

साधारण साडेबारा किलो वाढीचा हिशोब मांडला, तर बाळ तीन किलोंच्या थोडं वर. वार, गर्भजल आणि वाढलेलं गर्भाशय मिळून सव्वादोन-अडीच किलो. आईच्या अंगात वाढलेलं रक्त आणि पाणी तीन किलोंच्या आत-बाहेर. स्तनांची वाढ पाव-अर्धा किलो. उरलेली साधारण तीन किलो चरबी म्हणजे पुढे अंगावर पाजण्यासाठी शरीराने करून ठेवलेली बेगमी. त्यामुळे 'बाळ तीन किलोचं, मग दहा-बारा किलो कशाला?' या प्रश्नात अर्थ नाही.

आता सुरुवातीचं वजन. त्यासाठी किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागतात, हाच बीएमआय. उंची १५० सेंटीमीटर आणि वजन ४१ किलो असेल, तर तो १८.२ येतो, म्हणजे बाई कृश आहे. त्याच उंचीला वजन ५८ किलो असेल, तर तो २५.८ येतो, म्हणजे वजन जास्त आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये दिलेली आणि जगभर वापरली जाणारी मापं अशी: बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर १२.५ ते १८ किलो वाढ, १८.५ ते २४.९ असेल तर ११.५ ते १६, २५ ते २९.९ असेल तर ७ ते ११.५, आणि ३० च्या वर असेल तर ५ ते ९ किलो. आपल्याकडे आशाताई साधारण ९ ते ११ किलो सांगतात. पहिल्या तीन महिन्यांत वाढ थोडीच होते, मळमळीने वजन जरा उतरूही शकतं. चौथ्या महिन्यापासून मात्र महिन्याला दीड-दोन किलो वाढायला हवं.

म्हणजे 'कमी खा' हा सल्ला ४१ किलोच्या बाईला दिला, तर बाळंतपण सोपं होत नाही. बाळ अडीच किलोंच्या आत जन्मण्याचा धोका तेवढा वाढतो. आणि 'दोघांचं खा' हे ५८ किलोच्या बाईने मनावर घेतलं, तर गरोदरपणातला मधुमेह, रक्तदाब आणि सिझेरियन यांची शक्यता वाढते. मेळघाटापासून अकोल्याच्या फ्लॅटपर्यंत वऱ्हाडात या दोन्ही बाया आहेत. दोघींना एकच माप लावून चालणार नाही.

ताट आणि ओझं

या बाबतीत महाराष्ट्राच्या मातीतलं मोठं काम पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने केलं आहे. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गरोदर बायकांच्या आहाराची, कामाची आणि बाळांची नोंद ठेवली. तिथल्या आयांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन ४२ किलोंच्या आत होतं, तर बाळांचं सरासरी २.७ किलोंच्या आत-बाहेर. ज्यांच्या जेवणात पालेभाजी, फळं आणि दूध वरचेवर होतं, त्यांची बाळं जन्मताना मोठी होती. ज्यांच्यावर शेतातल्या आणि घरातल्या कष्टाचं ओझं जास्त, त्यांची बाळं लहान. नुसतं पोट भरून भागत नाही. ताटात काय आहे आणि डोक्यावर काय आहे, दोन्ही बघावं लागतं.

जास्तीचं म्हणजे किती? आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीत गरोदरपणात रोज ३५० कॅलरी जास्त सांगितल्या आहेत. वऱ्हाडी भाषेत एक ज्वारीची भाकर आणि वाटीभर घट्ट तुरीचं वरण. दुप्पट जेवण नव्हेच, नेहमीच्या खाण्याचा जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा. शेंगदाणे घातलेली डाळभाजी, अंबाडी, चिवळ, फुटाणे, तीळ-जवसाची चटणी, अंडं, दूध किंवा ताक हे सगळं इथल्याच शेता-बाजारातलं आहे. मोर्शी-वरूडची संत्री दारात येतात, ती जेवणाबरोबर खाल्ली तर अन्नातलं लोह अंगी जास्त लागतं. चहा मात्र जेवणाला आणि लोहाच्या गोळीला लागून घेऊ नये. लोहाची आणि कॅल्शियमची गोळीही एका वेळी घेऊ नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाण्याची रीत निदान हे नऊ महिने मोडावी.

मेळघाटात ताटच रिकामं राहतं, तिथे सल्ल्याने काय होणार? बालमृत्यूंमुळे १९९० च्या दशकात मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याचं नाव राज्यभर गेलं. तिथल्याच बैरागडला राहून कोरकू आदिवासींवर उपचार करणारे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. उपासमारीचा इलाज शेतात आहे हे ओळखून या डॉक्टर दांपत्याने शेतीही हाती घेतली. २०१५ मध्ये राज्याने आदिवासी भागांत डॉ. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. तिच्यात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण, गरम जेवण मिळतं. वजनाच्या आकड्यामागे भूक असेल, तर उपदेशापेक्षा ताट वाढणं हेच खरं औषध.

काटा कधी धोका सांगतो?

दोन तपासण्यांत वजन वाढलंच नाही, तर थांबू नये. महिन्यात तीन किलोंहून जास्त वाढलं, हाता-चेहऱ्यावर सूज आली, डोकं ठणकू लागलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती अन्नाची वाढ नाही. रक्तदाबाची खूण असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा, मग ते गावचं आरोग्य केंद्र असो, अमरावतीचं डफरीन असो की अकोल्याचं लेडी हार्डिंग. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, ती चुकवू नये. बीएमआय जास्त असला तरी या दिवसांत वजन उतरवायला जेवण तोडू नये; काय कमी करायचं ते डॉक्टरांना विचारावं.

पुढच्या तपासणीहून कार्ड घरी आलं, की ते खुंटीला अडकवण्याआधी सासूबाईंनी मागचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवून वाचावा. नवऱ्यानेही वाचावा. दोन्हींत फरक दिसला नाही, तर त्या संध्याकाळी तिच्या ताटात एक भाकर जास्त पडावी, आणि दुसऱ्या दिवशी कापसाचं गाठोडं दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर जावं.