डॉगीच्या दिलाची गोष्ट
ऑफिसमधून दमून आलात की दारात शेपूट हलवत उभा असतो तो तुमचा डॉगी. पण त्याचंही हार्ट थकतं, बरं का! कुत्र्यांच्या हृदयरोगांत सुमारे ७५ टक्के वाटा मायट्रल व्हॉल्व्ह खराब होण्याचा. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये तर तो लवकर सुरू होतो. व्हॉल्व्हच्या पेशींत सेरोटोनिन आणि टीजीएफ-बीटाशी निगडित जीन्स जास्तच कामाला लागतात, कोलॅजनची वीण विस्कटते, झडप जाड होते आणि रक्त मागे गळतं. झडप पूर्ववत करणारी गोळी अजून नाही. पण २०१६च्या एपिक ट्रायलमध्ये, हृदय मोठं झालेल्या पण लक्षणं नसलेल्या कुत्र्यांना पिमोबेंडन दिल्यावर हार्ट फेल्युअर साधारण १५ महिने लांबलं. म्हणून खोकल्याची वाट पाहू नका. लसीला न्याल तेव्हा व्हेटला स्टेथोस्कोपही लावायला सांगा!