स्वतःचा पेपर तपासताना

गोंदियात घरीच शिकणाऱ्या एका सोळा वर्षांच्या ख्रिस्ती मुलीचा अभ्यास मी शेजारी राहून पाहत आले आहे. वय लहान, म्हणून नाव देत नाही. वडील रेल्वेत, आई पूर्वी शिकवायची. मुलगी मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची, दहावी करते आहे. पाच विषय, पण सगळे एकदम द्यायलाच हवेत असं नाही. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि पास झालेला विषय जमा राहतो. घरी लिहून अभ्यासकेंद्रात द्यायच्या प्रकल्पवजा उत्तरांना वीस टक्के वजन असतं.

सकाळी पवित्र शास्त्रातला एक अध्याय मोठ्याने वाचून होतो, छोटी प्रार्थना होते आणि लगेच गणिताची वही उघडते. आठवड्यातून एकदा ती घड्याळ लावून सराव पेपर सोडवते. आई स्वयंपाकघरात असते आणि उत्तरसूची त्याच टेबलाच्या खणात. पेपर संपला की लाल पेनही तिच्याच हातात.

परवा वर्तुळाचा प्रश्न होता. बाहेरच्या बिंदूतून काढलेल्या दोन स्पर्शिका समान लांबीच्या असतात, हे सिद्ध करायचं. आकृती नेटकी, त्रिज्या जोडलेल्या, सामाईक कर्णही लिहिलेला. कर्णभुजा कसोटीने त्रिकोण एकरूप, स्पर्शिका समान, झालं. तपासताना मात्र ती थांबली आणि एक गुण कापला.

"बरोबरच आहे की," आई म्हणाली.

"काटकोन कुठून आला, ते लिहिलंच नाही मी. स्पर्शिका त्रिज्येला लंब असते, हे कारण राहिलं."

हा गुण तिने ठेवला असता तरी कोणी विचारणार नव्हतं. तिच्या श्रद्धेबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथे. देव पाहतो असं म्हणणं सोपं असतं. ते खरं मानून स्वतःच्या वहीत लाल रेघ ओढणं कठीण.

घराबाहेरही ती विश्वास लपवत नाही. "काहून बाई, शाळेत नाही जात?" असं गल्लीत अजून विचारतात. "घरी शिकते काकू, परीक्षा दहावीचीच देते," एवढं सांगून ती उभी राहते. येशूला मानता का म्हटलं तर सरळ "हो". पलीकडच्या आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यांत थेंब घालायला तीच जायची. "आजी, प्रार्थना करू का?" असं आधी विचारायची. एकदा आजी म्हणाल्या, "आज नको." तिने "बरं" म्हटलं, थेंब घातले आणि पातेलं घासून ठेवून परत आली. विचारण्याचं धैर्य आणि नकार ऐकण्याचं मन, दोन्ही तिच्यात आहेत.

मराठीसाठी आई तिला लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचायला देते. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या, अक्षरओळख घरीच नवऱ्याकडून झाली. त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे रेव्हरंड टिळकांना, नव्या कराराची प्रत मिळाली ती नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीत, एका परक्या प्रवाशाकडून. ती वाट गोंदियावरूनच जाते. पुढे 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. आगगाडीची ही गोष्ट कळल्यावर मुलीने वडिलांना पहिला प्रश्न विचारला तो त्या काळी गाडी इथे किती वेळ थांबत असेल, हा.

घरच्या शिक्षणाची मला एक काळजी वाटते, आणि ती मी तिच्या आईला बोलूनही दाखवली आहे. बरोबरीच्या मुलांशी भांडण, चढाओढ, डबा वाटून खाणं हे टेबलावर मिळत नाही. विज्ञानाची प्रात्यक्षिकंही अभ्यासकेंद्रातच होतात. आईने ते मान्य केलं. म्हणून रविवारी चर्चनंतर मुलगी लहान मुलांचा वर्ग घेते आणि तिथे गोंगाट भरपूर असतो.

एप्रिलला ती मराठी आणि सामाजिक विज्ञान देणार आहे. गणित तिने स्वतःच ऑक्टोबरवर ढकललं, कारण भूमितीत कारणं लिहायची अजून राहतात.