आधी सांगून घेतलेला निरोप

सत्र सुरू व्हायच्या अर्धा तास आधी जिलबी खोलीत येते. सात वर्षांची लॅब्रेडॉर. तिला सांभाळणारा दादा खाली बसून तिची नखं बोटाने चाचपून बघतो, कान उलटून पाहतो, पंजे पुसतो. लसीकरणाचं आणि जंतांच्या औषधाचं कार्ड फाइलमध्ये वरच असतं. मग तो तिला खोलीभर हुंगू देतो. कोपऱ्यात चटई, पाण्याचं भांडं, एक ब्रश, एक चेंडू. दार मुद्दाम किलकिलं ठेवलेलं. आत आलेल्या मुलाला बाहेर जाता येतं हे दिसलं पाहिजे. जिलबीलाही.

समुपदेशक ताई खुर्चीवर बसत नाहीत, भिंतीला टेकून जमिनीवरच बसतात. कामाची वाटणी पक्की आहे. ताईंचं लक्ष मुलाकडे, दादाचं जिलबीकडे. एकाच माणसाला दोन्हीकडे पाहता येत नाही. जिलबीने विनाकारण जांभई दिली, ओठ चाटले, मान वळवली, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला, ओली नसताना अंग झटकलं, की दादा तिला बाहेर नेतो. मूल तेव्हा कितीही रमलेलं असो. “तिला आता थांबायचंय,” एवढंच सांगतो. ज्याच्यावर अचानक काहीतरी कोसळलं आहे अशा मुलासमोर कुणाच्या तरी नकाराचा मान राखला जातो, हे मला या खोलीतलं फार मोलाचं काम वाटतं.

मी जे पाहिलं ते एका नऊ वर्षांच्या मुलाबरोबरचं काम. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, जिलबीचं नावसुद्धा.) वडील दुचाकीच्या अपघातात गेले. घरच्यांनी त्याला मावशीकडे पाठवलं आणि दोन दिवस ‘बाबा दवाखान्यात आहेत’ असंच सांगितलं. तो परत आला तेव्हा सगळं उरकलं होतं. चपलांच्या स्टँडवर बाबांचे बूटही नव्हते. त्यानंतर शाळेच्या वेळी पोट दुखू लागलं, आणि रात्री आई झोपली की तो तिच्या नाकापाशी हात धरून श्वास बघू लागला.

घरच्यांना दोष देणं सोपं आहे. आपल्याकडे मुलाला घाटावर नेत नाहीत, ते मायेपोटीच. पण मोठ्यांसाठी आपण केवढी सोय करून ठेवली आहे! दहाव्याला पिंड ठेवून कावळ्याची वाट बघायची, तो शिवेना तर गेलेल्या माणसाला मोठ्याने सांगायचं, ‘पोरांकडे बघू, काळजी करू नका.’ गेलेल्याशी चारचौघांत बोलायची ती मुभा. एका पक्ष्यासाठी सगळे ताटकळतात आणि कुणी घाई करत नाही. ज्या पोरांच्या नावाने हे वचन दिलं जातं, ती मात्र त्या वेळी शेजारच्या घरी टीव्हीसमोर बसवलेली असतात.

सुरुवातीला तो मुलगा दारापाशी बूट घालूनच बसायचा. जिलबीला हात लाव, असं कुणी म्हटलं नाही. आपल्याकडे कितीतरी मुलांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांची धास्ती घेतलेली असते. दमा आणि ॲलर्जीचंही बघावं लागतं. म्हणून तिला भेटायचं का, हे आधी मुलाला विचारतात. ‘नको’ आलं तर कुत्र्याशिवायही काम होतं. याने मान हलवली होती, पण पुढे सरकला नाही. मग ताईंनी त्याच्याकडे पाण्याचं भांडं भरायचं काम दिलं. पुढच्या वेळी ब्रशही. ब्रश केसांच्या दिशेने फिरवायचा, कानामागे हलक्या हाताने, शेपटीला लावायचा नाही. जे ठरलं ते दर वेळी तसंच घडायचं. घरी तसं काही उरलं नव्हतं.

ब्रश फिरवता फिरवता एकदा त्याने विचारलं, “जिलबीचे बाबा कुठेत?”

मी श्वास रोखला. ताईंनी सहज उत्तर दिलं, “माहीत नाही. ती दोन महिन्यांची असताना आमच्याकडे आली.”

बराच वेळ ब्रश चालू राहिला. मग जिलबीच्या पाठीकडे बघत तो म्हणाला, “मला मावशीकडे पाठवलं होतं.” आणि उठून चेंडू घ्यायला पळाला.

नवख्या माणसाने त्याला पुन्हा त्या वाक्यावर आणला असता. ताईंनी चेंडू फेकला. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये शोकाविषयी मांडलं ते हेच: माणूस दुःखाच्या जवळ जातो, मग रोजच्या जगण्याकडे वळतो, पुन्हा जातो. ही ये-जा म्हणजे टाळाटाळ नाही. मुलांमध्ये तर ती काही मिनिटांत होते, आणि कुत्रा असला की दुःखापासून उठून जायला लागलीच एक जागा मिळते.

बोरिस लेव्हिन्सन या न्यूयॉर्कच्या बालमानसशास्त्रज्ञाच्या हे योगायोगाने लक्षात आलं. कुणाशी न बोलणारा एक मुलगा ठरलेल्या वेळेआधीच आला आणि खोलीत त्यांचा जिंगल्स हा कुत्रा होता. १९६२ मध्ये त्यांनी कुत्र्याला ‘सह-उपचारक’ म्हणणारा लेख लिहिला. महाराष्ट्रात या कामाच्या सुरुवातीसाठी मीनल कविश्वर आणि ‘ॲनिमल एंजल्स फाउंडेशन’ यांचं नाव घ्यावं लागतं. या पद्धतीवरचं बरंच संशोधन छोट्या गटांवरचं आहे, त्यामुळे कुत्र्याने आघात बरा होतो असं मी लिहिणार नाही. आघातासाठी आखलेले उपचार वेगळे आहेत आणि ते ताई करतच होत्या: झोपेचं वेळापत्रक, शरीर घाबरतं तेव्हा काय करायचं, आणि पुढे त्या दिवसाची गोष्ट अथपासून इतिपर्यंत सांगणं. ती गोष्ट त्याने आधी जिलबीला सांगितली. नंतर आईला. आईने त्याला तेव्हा न सांगितलेलं सगळं त्या दिवशी सांगितलं, बूट कुणाला दिले तेही.

कुत्र्याच्या निरपेक्ष प्रेमाचं कौतुक खूप होतं. मला या कामाचं खरं मर्म शेवटच्या काही सत्रांत दिसलं. शेवटची भेट कधी, हे त्याला कितीतरी आधी सांगितलं होतं. भिंतीवर कॅलेंडर होतं आणि झालेल्या भेटींवर तो स्वतः फुली मारायचा. मध्ये एकदा तो जिलबीवर रुसला, तिच्याकडे पाठ करून बसला. त्यालाही वेळ दिला गेला. बाबा न सांगता गेले होते. हे जाणं सांगून होणार होतं, आणि त्यात रागावायला, विचारायला, काही द्यायला जागा होती. पुढच्या मुलांसाठी त्याने एक कागद लिहून आणला: हिला कुठे खाजवायचं, कुठे नाही.

शेवटच्या दिवशी त्याने विचारलं, “जिलबी म्हातारी झाली की?”

“आधी काम थांबवेल, दादाच्या घरी राहील. मग एक दिवस मरेल,” ताई म्हणाल्या. “लॅब्रेडॉर साधारण दहा-बारा वर्षं जगतात.”

त्याने बोटांवर वजाबाकी केली. “मला सांगाल?”

“सांगू.” ताईंनी त्याच्यासमोरच फाइल उघडून नोंद केली. त्याने ती वाचली. ‘आईला कळवणे’ असं लिहिलं होतं. ते त्याने खोडायला लावलं आणि तिथे स्वतःचं नाव घालून घेतलं.