कोलंबियम गेलं, कोलंबाइट राहिलं

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, हॅन्स स्लोन यांच्या संग्रहात, एक काळा जड दगड कित्येक दशकं पडून होता. अमेरिकेतल्या कनेक्टिकटहून आलेला. 1801 साली चार्ल्स हॅचेट यांनी त्याचा तुकडा तपासला, तेव्हा त्यात कुणालाच ठाऊक नसलेलं मूलद्रव्य निघालं. अमेरिकेला तेव्हा कोलंबियाही म्हणत. म्हणून मूलद्रव्य झालं कोलंबियम आणि पुढे तो दगड कोलंबाइट.

वर्षभरातच स्वीडनच्या आंडर्स एकेबर्ग यांना असंच एक मूलद्रव्य सापडलं. त्याचं ऑक्साइड आम्लात कितीही बुडवलं तरी विरघळेना. ग्रीक पुराणातला टँटलस हनुवटीपर्यंत पाण्यात उभा असतो, पण प्यायला वाकला की पाणी ओसरतं. तसंच हे, म्हणून नाव टँटलम. मला तरी मूलद्रव्याचं याहून चपखल नाव माहीत नाही.

पुढची चूक मात्र मनाला लागते. 1809 साली विल्यम वोलस्टन यांनी दोन्ही खनिजं वजनाला लावली. कोलंबाइट पाण्याच्या सुमारे 5.9 पट जड, टँटलमचं खनिज टँटलाइट जवळजवळ 8 पट. एवढी तफावत समोर असूनही त्यांनी निकाल दिला, की दोन्हींतलं मूलद्रव्य एकच! दोन्ही ऑक्साइडांचं रासायनिक वागणं इतकं सारखं होतं, की तराजूचं कुणी ऐकलं नाही. हॅचेट यांचा शोध जवळपास पुसला गेला. खरं तर शुद्ध टँटलम पाण्याच्या साडेसोळा पटींहून जड, तर त्याचं भावंड त्याच्या निम्म्याच्या आसपास.

1844 मध्ये जर्मनीत हाइनरिख रोझ यांनी हे भावंड पुन्हा शोधलं आणि टँटलसच्या मुलीवरून त्याला नायोबियम म्हटलं. मुलांच्या शोकात नायोबीचा दगड झाला होता. खनिजात दडलेल्या धातूला हे नाव शोभतं. टँटलसच्या मुलावरून त्यांनी पेलोपियमही जाहीर केलं, पण तसं मूलद्रव्य नव्हतंच. 1860च्या दशकात नायोबियम आणि टँटलम वेगळी असल्याचं पक्कं झालं. कोलंबियम म्हणजेच नायोबियम, हेही.

तरी शंभर वर्षं युरोप नायोबियम म्हणत राहिला आणि अमेरिका कोलंबियम. 1949 मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं नायोबियमच्या बाजूनं कौल दिला. अमेरिकेतल्या पोलादवाल्यांच्या तोंडातून जुनं नाव त्यानंतरही बरीच वर्षं गेलं नाही.

खनिजाचं नाव मात्र बदललं नाही. मोबाइलच्या कपॅसिटरमधलं टँटलम ज्या काळ्या धातुकातून येतं, त्याला काँगोच्या खाणींत ‘कोल्टान’ म्हणतात. त्यातलं ‘टान’ एकेबर्ग यांचं, आणि ‘कोल’ हॅचेट यांच्या कोलंबियमचं.