खुशालीच्या निरोपाचा प्रवास : तीन पिढ्या आणि बदलती संपर्कसाधने

गोषवारा : सुखरूप पोहोचल्याचे घरी कळविणे ही महाराष्ट्रातील कुटुंबांची जुनी रीत आहे. टपाल व तार, दूरध्वनी आणि भ्रमणध्वनी या साधनांमधून या रीतीचा जो प्रवास झाला, त्याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. साधने झपाट्याने बदलली. मात्र निरोप पोहोचविणारा मध्यस्थ नाहीसा न होता केवळ बदलत गेला आणि शिकविण्याची दिशा वडीलधाऱ्यांकडून तरुणांकडे जाण्याऐवजी उलट झाली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : पोस्टकार्ड, तार, एसटीडी बूथ, भ्रमणध्वनी, पिढ्यांमधील अंतर, मध्यस्थ.

प्रस्तावना

परगावी निघालेल्या मुलाला एका पिढीतील आईवडील ‘पोहोचलास की पत्र टाक’ असे सांगत. पुढच्या पिढीत ‘पोहोचलास की फोन कर’ असे सांगितले जाऊ लागले. त्यानंतर काही वर्षे ‘पोहोचलास की मिस्ड कॉल दे’ हे वाक्य घरोघरी ऐकू येत असे आणि आज ‘लोकेशन पाठव’ असे म्हटले जाते. या चारही वाक्यांमागील काळजी एकच आहे. बदलले आहे ते साधन, आणि साधनाबरोबर वाट पाहण्याची मुदत, बोलण्याची रीत व कुटुंबातील परस्परावलंबन.

तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोधांच्या आणि संशोधकांच्या नोंदी काळजीपूर्वक ठेवल्या जातात. सामान्य माणसाने ती साधने आपल्या सवयींत कशी बसविली, याची नोंद मात्र क्वचितच होते. या दृष्टीने प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. साधन बदलले तेव्हा सवयीतील काय टिकले व काय बदलले? ज्याला साधन स्वतः हाताळता येत नाही, त्याचा निरोप कोणाच्या हातून जातो? आणि या व्यवहाराचा कोणता पुरावा मागे उरतो?

पत्र आणि तार

भारतात पोस्टकार्ड १८७९ मध्ये सुरू झाले. त्याची किंमत पाव आणा होती. पुढल्याच वर्षी, म्हणजे १८८० मध्ये, टपाल खात्याने मनीऑर्डरची व्यवस्था सुरू केली. महाराष्ट्राच्या संदर्भात या दोन्ही सोयींचा विचार एकत्रच करावा लागतो. मुंबईच्या कापडगिरण्यांत कामाला गेलेला कोकणातील पुरुष आणि गावी राहिलेले त्याचे कुटुंब यांना जोडणारा दुवा टपालाचाच होता. कोकणाची अर्थव्यवस्था मनीऑर्डरवर चालते असे म्हटले जाई, ते याचमुळे. मनीऑर्डरच्या फॉर्मवर निरोपासाठी थोडी जागा असे. पैसे आले म्हणजे मुंबईचा माणूस धडधाकट आहे, कामावर जात आहे, हे घरच्यांना कळे. पैसा हाच खुशालीचा निरोप होता.

पत्रलेखनाला ठरलेला साचा होता. वर ‘श्री’, मग ‘तीर्थरूप’ किंवा ‘चिरंजीव’, नात्याप्रमाणे ‘शिरसाष्टांग नमस्कार’ किंवा ‘अनेक उत्तम आशीर्वाद’, ‘विनंती विशेष’, मजकूर, आणि शेवटी ‘मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद’, ‘कळावे, लोभ असावा’. हा साचा घरातील वडील माणूस किंवा शाळेतील गुरुजी मुलांना शिकवीत. त्यातून नात्यांची उतरंडही शिकविली जाई. मृत्यूची वार्ता देणाऱ्या पत्रावर ‘श्री’ लिहीत नसत आणि ते वाचून झाल्यावर फाडून टाकत. म्हणजेच मजकुराआधी पत्राचे रूपच वाचणाऱ्याला बातमीचा स्वभाव सांगे.

मात्र हा साचा अवगत असणारे लोक फार थोडे होते. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण १८.३३ टक्के आणि स्त्रियांमधील साक्षरतेचे प्रमाण ८.८६ टक्के होते. साहजिकच गावातील बहुसंख्य पत्रे सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा अशीच तयार होत. आलेले पत्र गुरुजी, पोस्टमन किंवा शाळेत जाणारे पोर वाचून दाखवी. सासरी असलेल्या मुलीची स्थिती आणखी अवघड होती. तिचे पत्र कोणीतरी दुसराच लिहून देई, पोस्टकार्ड तर उघडेच असे, आणि माहेरहून आलेले पत्र आधी सासरच्या वडीलधाऱ्यांच्या हाती पडे. ‘मी येथे सुखरूप आहे’ या ठरावीक वाक्यातून खरी परिस्थिती ताडणे हे आईला साधावे लागे.

तारेची गोष्ट वेगळी होती. तिचे शुल्क शब्दांच्या संख्येवर असल्याने मोजून मापून शब्द वापरावे लागत. लग्न, परीक्षेतील यश इत्यादी प्रसंगांसाठी शुभेच्छांची ठरावीक वाक्ये क्रमांकाने पाठविण्याची सोयही होती. तरीही सामान्य घराशी तारेचा संबंध येई तो प्रामुख्याने आजारपण आणि मृत्यू यांच्या निमित्ताने. त्यामुळे ‘तार आली’ एवढ्या शब्दांनीच घरात रडारड सुरू होई. याचा दुसरा परिणाम असा की, तार आली नाही म्हणजे सर्व ठीक आहे असे समजण्याची सवय लागली. पत्राला आठ-पंधरा दिवस लागणे गृहीत असल्याने मौनाला काळजीचा अर्थ चिकटलेला नव्हता. ही तारसेवा भारतात जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

टपाल ज्या पत्त्यावर जाई, त्या पत्त्याची शिस्तही याच काळात घडली. एकाच नावाची अनेक गावे आणि निरनिराळ्या भाषांतील पत्ते यांमुळे होणारा घोळ टाळण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकी पिनकोड लागू करण्यात आला. ही योजना टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. पिंपळगाव किंवा वडगाव नावाची अनेक गावे असलेल्या महाराष्ट्रात या अंकांची उपयुक्तता वेगळी सांगण्याची गरज नाही.

दूरध्वनी आणि एसटीडी बूथ

मुंबईत दूरध्वनी केंद्र १८८२ मध्येच सुरू झाले असले, तरी पुढे सुमारे शंभर वर्षे दूरध्वनी हे मोजक्या घरांचे आणि कचेऱ्यांचे साधन राहिले. परगावी बोलण्यासाठी ट्रंककॉल नोंदवावा लागे आणि ‘ऑर्डिनरी’, ‘अर्जंट’, ‘लाइटनिंग’ अशा वाढत्या दरांच्या श्रेणींतून तातडीचे मोल ठरे. ग्राहकाने स्वतः परगावचा क्रमांक फिरविण्याची एसटीडी सेवा १९६० मध्ये कानपूर व लखनौ या शहरांदरम्यान प्रथम सुरू झाली. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने वातानुकूलनाशिवाय चालणारी, १२८ जोडण्यांची लहान ग्रामीण स्वयंचलित केंद्रे विकसित केली. उष्णता व धूळ सोसणाऱ्या या केंद्रांमुळे दूरध्वनी लहान गावांपर्यंत पोहोचू शकला. त्याच सुमारास पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ नाक्यानाक्यावर दिसू लागले. बूथच्या वाटपात अपंग व्यक्तींना प्राधान्य दिले जाई, त्यामुळे अनेकांना ते उपजीविकेचे साधनही झाले.

या पिढीच्या सवयी दर आणि वेळ यांनी घडविल्या. रात्री दर उतरत आणि अकरानंतर ते सर्वांत कमी असत. म्हणून वसतिगृहातील विद्यार्थी आणि नोकरीनिमित्त बाहेरगावी राहणारे तरुण जेवणानंतर बूथबाहेर रांग लावीत. समोरच्या यंत्रावर लाल अंक पुढे सरकत असताना बोलणे आटोपते घ्यावे लागे. ‘सगळे ठीक ना?’ या प्रश्नाला ‘हो, ठीक’ एवढेच उत्तर परवडे. पत्रातील नमस्कार-आशीर्वादांचा साचा येथे गळून पडला.

ज्यांच्या घरी दूरध्वनी नव्हता, ते शेजाऱ्याचा क्रमांक देत. लग्नपत्रिकांवर आणि नोकरीच्या अर्जांवर क्रमांकापुढे ‘पी.पी.’ अशी अक्षरे असत. फोन आला की शेजारचा मुलगा हाक मारायला धावत येई आणि बोलणे शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात, सर्वांच्या देखत होई. पत्रवाचकाच्या जागी आता शेजारी आला. मध्यस्थ बदलला, खाजगीपणाचा अभाव कायम राहिला.

भ्रमणध्वनी

भारतातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. आरंभी येणाऱ्या कॉललाही शुल्क पडे. २००३ मध्ये कॉल करणाऱ्यानेच शुल्क भरावयाची पद्धत आली आणि येणारे कॉल निःशुल्क झाले. या एका बदलाने भ्रमणध्वनी मध्यमवर्गाच्या पलीकडे, भाजीविक्रेते, रिक्षाचालक आणि शेतमजूर यांच्यापर्यंत पोहोचला. न उचललेल्या कॉलला पैसे पडत नसल्याने ‘मिस्ड कॉल’ची अलिखित भाषा तयार झाली. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे परत फोन करा, असे संकेत प्रत्येक कुटुंबाने आपापले ठरविले. साधन निर्माण करणाऱ्यांच्या कल्पनेत नसलेला हा वापर काटकसरीच्या जुन्या संस्कारातून आला होता. पोस्टकार्डाच्या कडेकडेने बारीक अक्षरांत लिहिणारी वृत्ती आणि मिस्ड कॉल देणारी वृत्ती एकच होय.

बोलण्याच्या आरंभातही मूलभूत फरक पडला. घरच्या दूरध्वनीवर पहिला प्रश्न ‘कोण बोलतंय?’ असा असे. भ्रमणध्वनीवर तो ‘कुठे आहेस?’ असा झाला. टपालाचा पत्ता आणि घरचा दूरध्वनी क्रमांक हे दोन्ही जागेचे होते. भ्रमणध्वनीचा क्रमांक व्यक्तीचा झाला. त्यामुळे व्यक्ती सापडली, पण तिची जागा अनिश्चित झाली. ‘लोकेशन पाठव’ ही आजची मागणी त्या हरवलेल्या जागेचाच शोध आहे.

२०१६ नंतर इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले आणि चित्रसंवाद सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला. त्याच वर्षी सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेने गावी पैसे पाठविण्याचे काम काही क्षणांवर आणले. आता पैसे येतात, पण त्यासोबत हस्ताक्षर किंवा दारात उभा पोस्टमन येत नाही. दुसरीकडे वाट पाहण्याची मुदत आकुंचित झाली. पत्राच्या काळात पंधरा दिवसांचे मौन स्वाभाविक होते. आज तासाभरात उत्तर आले नाही तर मन अस्वस्थ होते. संदेश वाचल्याची खूण दिसूनही उत्तर नसेल, तर काळजीच्या जागी रुसवा येतो. साधनाचा वेग वाढला तसतशी काळजी कमी होईल, ही अपेक्षा खरी ठरलेली नाही.

मध्यस्थ आणि शिकविण्याची दिशा

पत्राच्या पिढीत मजकुराचे वळण वडील शिकवीत आणि मुले शिकत. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना संदेश कसा पाठवावा, बँकेचा सांकेतिक क्रमांक कोणाला सांगू नये, हे नातवंडे शिकवितात. शिकविण्याची दिशा अशी उलटल्यामुळे घरातील अधिकाराचेही स्वरूप बदलते. ज्यांनी आयुष्यभर घराचे व्यवहार सांभाळले, त्यांना आपल्याच निवृत्तिवेतनाची चौकशी करण्यासाठी दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागते. ‘इतके सोपे आहे, तरी समजत नाही’ हा उद्गार घराघरांतून ऐकू येतो. एकेकाळी निरक्षर माणसाला पत्र वाचून दाखविणाऱ्याने असा उद्गार काढला असता, तर तो अशिष्टपणा मानला गेला असता.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ वयाचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील साक्षरता ८२.३४ टक्क्यांवर पोहोचली होती. तथापि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्वतः वापरावयाचा भ्रमणध्वनी असलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ५४ टक्केच होते. उरलेल्या स्त्रियांचा निरोप आजही पती, मुलगा किंवा सासू यांच्या हातातील यंत्रातून जातो. अक्षरओळख झाली तरी साधनावरील हक्क मिळतोच असे नाही. वर उल्लेखिलेल्या सासुरवाशिणीचा प्रश्न नव्या रूपात शिल्लक आहे.

यातील एक आशादायक बाबही नोंदविली पाहिजे. ध्वनिमुद्रित संदेश आणि मराठीत बोलून टंकलेखन करण्याची सोय यांमुळे ज्यांचा लिहिण्याशी कधी संबंध आला नाही, अशा व्यक्ती आज स्वतःच्या आवाजात, कोणाच्याही मदतीविना निरोप पाठवू शकतात. मध्यस्थाची गरज खऱ्या अर्थाने येथे कमी होते.

नोंदीचा प्रश्न

मराठ्यांच्या इतिहासाची उभारणी मोठ्या प्रमाणावर पत्रव्यवहारावर झाली आहे. सामान्य कुटुंबांचे असे साहित्य ट्रंकांमध्ये आणि तारेला टोचलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यांमध्ये काही काळ तरी टिकले. बूथच्या पिढीने मात्र कोणतीच लेखी खूण मागे ठेवली नाही. भ्रमणध्वनीच्या पिढीचे लेखन प्रचंड आहे, परंतु यंत्र बदलले किंवा बिघडले की ते नष्ट होते. परिणामी सर्वाधिक संवाद साधणाऱ्या पिढीची कौटुंबिक नोंद सर्वांत तोकडी राहण्याचा संभव आहे.

या कामी महाविद्यालयांना पुष्कळ करता येण्यासारखे आहे. मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र या विभागांनी विद्यार्थ्यांकडून घरातील जुन्या पत्रांची सूची करवून घ्यावी, आजी-आजोबांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात आणि बूथचालक, पोस्टमन, तारखात्यातील निवृत्त कर्मचारी यांच्या आठवणी टिपून ठेवाव्यात. असे करताना कुटुंबांची लेखी संमती घेणे आणि खाजगी मजकूर उघड न करणे ही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. तारखात्यात काम केलेली पिढी आता वृद्ध झाली असल्याने हे काम लांबणीवर टाकता येणार नाही.

निष्कर्ष

१. साधन बदलले तरी खुशाली कळविण्याची सवय टिकून राहिली. प्रत्येक पिढीने ती आपल्या ऐपतीप्रमाणे नव्या साधनात बसविली.

२. वेग वाढल्याने काळजी कमी झाली नाही. मौन किती काळ सोसावे याची मर्यादा मात्र पंधरा दिवसांवरून तासाभरावर आली.

३. मध्यस्थ नाहीसा झालेला नाही. पत्रवाचक, शेजारी आणि नातवंड अशा रूपांत तो बदलत गेला. वृद्ध व अनेक स्त्रिया यांचे अवलंबित्व आजही कायम आहे.

४. ज्ञान देण्याची दिशा उलट झाल्याने तरुण पिढीवर शिकविण्याची जबाबदारी आली आहे. ती जबाबदारी संयमाने आणि आदराने पार पाडण्याचे भान देणे हे शिक्षणाचे काम होय. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत ज्येष्ठांसाठी भ्रमणध्वनी वापराचे वर्ग घेतल्यास त्याची सुरुवात सहज होऊ शकेल.