परीक्षामानाचा अर्थ : परिकल्पनेचा त्याग करताना

‘परीक्षामान सार्थक आले, सबब परिकल्पना असत्य ठरली’, अथवा ‘परीक्षामान सार्थक आले नाही, सबब परिकल्पना सिद्ध झाली’, अशा आशयाची विधाने प्रबंधांतून वारंवार आढळतात. त्यामागील आकडेमोड बहुधा बिनचूक असते. दोष असतो तो निष्कर्षात. परीक्षामान कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आणि कोणत्या प्रश्नाचे देत नाही, हे स्पष्ट नसले म्हणजे परिश्रमपूर्वक गोळा केलेल्या सामग्रीतून भलताच अर्थ निघतो. संख्याशास्त्राच्या इतिहासातील दोन प्रसिद्ध उदाहरणे या दृष्टीने उद्बोधक आहेत.

कोणतीही परिकल्पना सत्य मानली की तिच्यावरून निरीक्षणे साधारणतः कशी यावीत याचा अंदाज करता येतो. प्रत्यक्ष निरीक्षणे त्या अंदाजाशी तंतोतंत जुळत नाहीत. काही फरक केवळ यदृच्छेनेही पडतो. म्हणून नुसता फरक पाहून काही ठरविता येत नाही. यदृच्छेने जेवढा फरक सामान्यतः पडावा, त्याच्या किती पट फरक प्रत्यक्षात पडला, हे पाहावे लागते. हे गुणोत्तर म्हणजेच परीक्षामान. परिकल्पना सत्य असता एवढे किंवा याहून मोठे परीक्षामान मिळण्याची जी संभाव्यता, तिला ‘पी-मूल्य’ म्हणतात. पूर्वी ठरविलेल्या सार्थकता-पातळीहून, उदाहरणार्थ ०.०५ हून, हे मूल्य कमी असल्यास परिकल्पनेचा त्याग करावयाचा, असा संकेत आहे.

पहिले उदाहरण फाशांचे. इंग्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ डब्ल्यू. एफ. आर. वेल्डन यांनी बारा फासे एकत्र टाकून त्यांत पाच किंवा सहा ठिपके किती फाशांवर पडतात याची २६,३०६ वेळा नोंद केली, आणि १८९४ मध्ये ती गॉल्टन यांना कळविली. काय-वर्ग परीक्षेचे प्रतिपादन करणाऱ्या १९०० मधील निबंधात कार्ल पीअर्सन यांनी हीच सामग्री उपयोगात आणली. एकूण ३,१५,६७२ दानांपैकी १,०६,६०२ दाने पाचाची किंवा सहाची होती. फासा निर्दोष असेल तर अशी दाने एक-तृतीयांश, म्हणजे १,०५,२२४ अपेक्षित. फरक १,३७८ दानांचा आहे. इतक्या दानांत यदृच्छेने होणाऱ्या चढउताराचे प्रमाण-विचलन सुमारे २६५ येते. म्हणजे परीक्षामान ५.२० झाले. परिकल्पना सत्य असता कोणत्याही बाजूने एवढा फरक पडण्याची संभाव्यता एक कोटीत सुमारे दोन इतकी अल्प आहे. तेव्हा फासे निर्दोष असल्याची परिकल्पना त्याज्य ठरते, याविषयी शंका उरत नाही.

परंतु फासे कितपत सदोष होते? पाच-सहाच्या दानांचे निरीक्षित प्रमाण ०.३३७७ आहे, अपेक्षित ०.३३३३. हजार दानांमागे हा फरक चार-साडेचार दानांचा. पटावर खेळणाऱ्याच्या तो ध्यानातही येणार नाही. हाच दोष असलेले फासे केवळ १,२०० वेळा टाकले असते आणि त्यांत त्याच प्रमाणात, म्हणजे ४०५ दाने पाच-सहाची पडली असती, तर अपेक्षित ४०० पासूनचा फरक पाच, प्रमाण-विचलन सुमारे १६.३ आणि परीक्षामान अवघे ०.३१ आले असते. परिकल्पनेचा त्याग करण्यास तेव्हा कोणतेच कारण दिसले नसते. फासे तेच, दोष तोच. बदलली ती केवळ निरीक्षणांची संख्या. यावरून असे दिसते की, परीक्षामान मोठे येण्यास दोन कारणे असू शकतात : एक, परिकल्पनेपासूनचे अंतरच मोठे असणे; दुसरे, निरीक्षणे विपुल असणे. ‘अत्यंत सार्थक’ म्हणजे ‘अत्यंत महत्त्वाचे’ नव्हे. वेल्डन यांच्या सामग्रीवरून खऱ्या प्रमाणाचा ९५ टक्के विश्वास-अंतराल काढल्यास तो ०.३३६० ते ०.३३९३ असा येतो. एक-तृतीयांश हे मूल्य त्यात बसत नाही, आणि तरीही दोष किती लहान आहे, या दोन्ही गोष्टी त्यातून एकदमच कळतात. एकट्या परीक्षामानावरून त्या कळत नाहीत.

दुसरे उदाहरण ग्रेगोर मेंडेल यांच्या वाटाण्यांचे. १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी २५३ संकरित झाडांपासून मिळालेल्या ७,३२४ दाण्यांची गणना दिली आहे : ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेले. तीनास एक या प्रमाणाप्रमाणे ५,४९३ व १,८३१ अपेक्षित होते. काय-वर्गाचे मान ०.२६ व पी-मूल्य सुमारे ०.६१ येते. परिकल्पनेचा त्याग करण्यास आधार नाही. मग तीनास एक हे प्रमाण सिद्ध झाले काय? याच दाण्यांवर २.९ ला एक या प्रमाणाची परीक्षा केली असता काय-वर्ग ०.५६ व पी-मूल्य सुमारे ०.४५ येते; म्हणजे त्याही परिकल्पनेचा त्याग करता येत नाही. या दोन्ही परिकल्पना एकाच वेळी सत्य असू शकत नाहीत. वस्तुतः या सामग्रीशी २.८१ पासून ३.१२ पर्यंतचे कोणतेही प्रमाण सुसंगत आहे. तीनास एक या प्रमाणाची निवड परीक्षामानाने केलेली नाही. इतर लक्षणांवरील प्रयोगांतही तेच प्रमाण आढळते आणि मेंडेल यांच्या उपपत्तीतून ते आपोआप निष्पन्न होते, म्हणून ते स्वीकारले गेले. परीक्षेने एवढेच सांगितले की, उपपत्तीला बाध येत नाही.

परिकल्पनेचा त्याग न होणे याला कितपत अर्थ आहे, हे परीक्षेच्या सामर्थ्यावर अवलंबून असते. जे. नेमन व ई. एस. पीअर्सन यांनी १९३३ मध्ये या प्रश्नाला व्यवस्थित रूप दिले. सत्य परिकल्पनेचा त्याग करणे ही पहिल्या प्रकारची चूक, असत्य परिकल्पनेचा त्याग न करणे ही दुसऱ्या प्रकारची. सार्थकता-पातळी केवळ पहिल्या चुकीला मर्यादा घालते. दुसरी आटोक्यात ठेवावयाची तर निरीक्षणे पुरेशी हवीत. वरील उदाहरणात खरे प्रमाण २.९ ला एक असते, तर ते तीनास एक नाही हे पाच टक्के पातळीवर पाचांपैकी चार वेळा ओळखण्यासाठी सुमारे ३६,००० दाणे मोजावे लागले असते. अल्प सामग्रीवर केलेल्या परीक्षेत फरक आढळला नाही म्हणून ‘फरक नाही’ असे म्हणणे, हे अंधारात काही दिसले नाही म्हणून खोली रिकामी आहे असे म्हणण्यासारखे आहे.

मेंडेल यांच्या आकड्यांना पुढे आणखी एक वळण मिळाले. आर. ए. फिशर यांनी १९३६ मध्ये त्यांच्या प्रयोगांतील काय-वर्गाच्या मानांची बेरीज केली. एकूण ८४ मुक्तिमात्रांसाठी ही बेरीज सरासरीने ८४ च्या आसपास यावयास हवी. ती सुमारे ४१.६ आली. एवढे किंवा याहून लहान मान केवळ यदृच्छेने मिळण्याची संभाव्यता दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. एकेका प्रयोगात समाधानकारक वाटणारी जुळणी एकत्र पाहता प्रमाणाबाहेर चांगली ठरली. येथे त्याज्य ठरते ती आनुवंशिकतेची उपपत्ती नव्हे, तर निरीक्षणे यदृच्छेच्या नियमानुसार जशीच्या तशी नोंदली गेली, हे अनुच्चारित गृहीत. फिशर यांना संशय आला तो, काय अपेक्षित आहे हे जाणणाऱ्या एखाद्या साहाय्यकाचा. इतर अभ्यासकांनी संशयास्पद दाण्यांचे वर्गीकरण, प्रमाण चांगले दिसताच मोजणी थांबविणे इत्यादी कारणे सुचविली. यांपैकी कोणते कारण खरे, हे परीक्षामान सांगू शकत नाही. काहीतरी विसंगत आहे एवढेच ते दाखविते. विसंगतीचे मूळ शोधणे हे अभ्यासकाचे काम. एका थोर संशोधकाच्या प्रामाणिकपणाविषयी निर्णय देण्यापूर्वी ही मर्यादा ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते.

आता सर्वांत सूक्ष्म, परंतु सर्वांत सार्वत्रिक गैरसमजाविषयी. पी-मूल्य ०.०३ आले म्हणजे परिकल्पना सत्य असण्याची संभाव्यता तीन टक्के आहे, असे मानले जाते. वास्तविक पी-मूल्य काढताना परिकल्पना सत्य धरलेलीच असते. तेव्हा तिच्या सत्यतेची संभाव्यता त्यातून निघणे शक्य नाही. ‘पाऊस पडत असता अंगण ओले असण्याची संभाव्यता’ आणि ‘अंगण ओले असता पाऊस पडत असण्याची संभाव्यता’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी ठरविण्यासाठी अंगणात सडा घातला होता किंवा काय, हेही ठाऊक असावे लागते. अमेरिकन सांख्यिकी संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनात हा गैरसमज स्पष्टपणे खोडून काढला आहे, आणि केवळ पी-मूल्याने एखादी मर्यादा ओलांडली म्हणून शास्त्रीय निष्कर्ष काढू नयेत, असेही बजावले आहे. पाच टक्क्यांची मर्यादा फिशर यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात सोयीची म्हणून सुचविली होती. ०.०४९ आणि ०.०५१ यांच्यामध्ये निसर्गाने कोणतीही भिंत उभारलेली नाही.

तात्पर्य, परिकल्पनेचा त्याग केला किंवा केला नाही, एवढे लिहून निष्कर्ष पूर्ण होत नाही. परीक्षामान व पी-मूल्य यांच्या जोडीने परिणामाचे आकारमान, त्याचा विश्वास-अंतराल व निरीक्षणांची संख्या नमूद करावी. सार्थकता-पातळी सामग्री पाहण्यापूर्वीच ठरवावी. आणि अनेक परीक्षा केल्या असल्यास त्या सर्वांचा उल्लेख करावा, कारण सर्व परिकल्पना सत्य असल्या तरीही पाच टक्के पातळीवरील वीस परीक्षांतून सरासरीने एक तरी सार्थक येणारच. त्याग झाला नसल्यास ‘सिद्ध झाले’ असे न लिहिता ‘या सामग्रीवरून विरोधी पुरावा मिळाला नाही’ असे लिहावे. हे वाक्य कमी भारदस्त दिसेल. तथापि निरीक्षणांनी जेवढे सांगितले तेवढेच ते सांगते.