पडद्यावरचा ताप

मे २००९. अमेरिकेहून आलेलं विमान टोकियोजवळच्या नारिता विमानतळावर उतरलं की प्रवाशांनी जागेवरच बसून राहायचं. मास्क आणि गाऊन घातलेले तपासनीस आत शिरत, रांगेरांगेतून थर्मल कॅमेरा फिरवत, तब्येतीचे फॉर्म गोळा करत. ८ मे रोजी डेट्रॉइटहून आलेल्या विमानात स्वाइन फ्लूचे रुग्ण सापडलेही. पण आठच दिवसांनी कोबे शहरातल्या एका शाळकरी मुलाचा अहवाल पॉझिटिव्ह आला. हा मुलगा परदेशी गेलेलाच नव्हता!

एवढ्या पहाऱ्यातून विषाणू निसटला कसा? तर निव्वळ वेळेच्या हिशेबाने. फ्लूचा विषाणू अंगात शिरल्यापासून ताप चढेपर्यंत साधारण एक ते चार दिवस जातात. न्यूयॉर्कहून टोकियोला पोहोचायला जेमतेम चौदा तास. काल संसर्ग झालेला माणूस ठणठणीत विमानात बसतो आणि ठणठणीत उतरतो. त्यात फ्लूची आणखी एक करामत अशी, की लक्षणं दिसायच्या सुमारे एक दिवस आधीपासूनच माणूस तो पसरवू लागतो. २००३च्या सार्सचं तसं नव्हतं. तिथे आधी ताप यायचा, संसर्गाचा जोर नंतर वाढायचा.

कॅमेऱ्याचं काम मात्र खरोखर थक्क करणारं आहे. आपल्या त्वचेतून सतत अवरक्त किरण बाहेर पडत असतात. ते टिपून तो स्पर्शही न करता अंगाची उष्णता रंगांत दाखवतो. डोळ्याचा नाकालगतचा कोपरा त्याला सगळ्यात भरवशाचा, कारण शरीराच्या आतल्या तापमानाचा अंदाज तिथे बरा लागतो. पण त्याला दिसते ती उष्णता, विषाणू नव्हे. पॅरासिटामॉलची एक गोळी घेतली, की पडद्यावर सगळं आलबेल! सिंगापूरने २००९ मध्ये परदेशातून संसर्ग घेऊन आलेले ११६ रुग्ण अभ्यासले, तेव्हा विमानतळावरच्या स्कॅनरने त्यांतले फक्त १२ टक्के हेरले होते.

आपल्याकडेही विमानतळांवर तपासणी चालूच होती. तरी ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका शाळकरी मुलीचा जीव गेला. स्वाइन फ्लूचा देशातला तो पहिला बळी. आजही ही आठवण मनाला चटका लावते.

कोबेच्या त्या मुलाचा आजार उघड झाला तो एका डॉक्टरांमुळे. परदेशवारी नसतानाही त्यांना शंका आली आणि त्यांनी नमुना तपासायला पाठवला. म्हणून सांगावंसं वाटतं: प्रवासाहून परतल्यावर चार-पाच दिवसांत ताप आला, तर घरीच थांबा आणि डॉक्टरांना आपण कुठून आलो हे आवर्जून सांगा.